आखाजीचं लुगडं

सुंदरबाई सकाळी चहाच्या वेळेला गेली आणि ऊन माथ्यावर आलं तरी तिची तिरडी उचलेना, कारण एरंडोलहून लुगडं आलं नव्हतं. सवाशीण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. सासरचे लोक शालू आणोत नाहीतर पैठणी, ते आत. वर दिसायचं ते भावाचं. जन्मभर जिला सासरची म्हणून राबवून घेतली, तिला जाताना तरी माहेरची म्हणून धाडायची, असा काहीतरी हा न्याय असावा. कोणी केला माहीत नाही, पण चोपड्याकडच्या त्या गावात तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

उन्हाळा ऐन भरात होता, आखाजी तोंडावर आलेली. ओट्यावर पत्र्याखाली बसलेल्या माणसांचे सदरे पाठीला चिकटले होते. आत बर्फाच्या लाद्या लावल्या होत्या आणि त्यांचं पाणी उंबऱ्यावरून ओघळत अंगणात येत होतं. ते पाणी दिसलं की माणसं नजर वळवायची आणि तिच्या नवऱ्याकडे, अभिमन आबांकडे बघायची. आबा खांबाला टेकून बसले होते. रडत नव्हते, रडणाऱ्यातले ते नव्हतेच. विहीर कधी न आटलेली, केळीचा बाग गावात एक नंबर, आणि तोंडातून गेलेला शब्द कधी मागे न घेतलेला, अशी त्यांची ख्याती. गाव त्यांना मानायचं, म्हणजे खरं सांगायचं तर भ्यायचं.

मुलगा प्रेमराज जळगावहून नुकताच पोचला होता. तो नोकरीपायी तिथल्या मेहरूण भागात खोली घेऊन राहायचा, बायको सारिका इथे सासू-सासऱ्यांजवळ. त्यानं पुन्हा एकदा मामाला, म्हणजे सुंदरबाईच्या सख्ख्या भावाला, चुडामणला फोन लावला. सकाळपासून चुडामण उचलत नव्हता. या वेळी उचलला. प्रेमराजनं, चार माणसांनी ऐकावं आणि मामाला भीड पडावी, म्हणून फोनचा आवाज मोठा केला. तीच चूक झाली.

"कोर्टना कागदवर ती मनी बहीन नही, वादी शे," चुडामणचा आवाज सगळ्या ओट्यावर पसरला. "कशानं लुगडं लई येऊ?"

प्रेमराज म्हणाला, मामा, असं काय बोलता, दरवर्षी आखाजीला आई तुमच्याकडेच तर येत होती.

मग चुडामण म्हणाला, "आठे? गह्यरा वरीस व्हयनात, तिनी मना उंबरा चढेल नही." आणि फोन बंद झाला.

ओट्यावरची माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. भावानं घ्यायला यायचं, माहेरी नेऊन लुगडं-चोळी करायची, आंब्याच्या झाडाला झोका बांधून द्यायचा. ज्या बाईला आखाजीला कोणी नेत नाही तिच्याकडे गाव कणवेनं बघतं, आणि ती कणव शिवीपेक्षा वाईट. सुंदरबाई दरवर्षी पिशवी भरून एसटीत बसायची, तीन-चार दिवसांनी नवं लुगडं नेसून परत यायची. मग इतकी वर्षं, माहेरी नाही तर, ती जात कुठे होती?

बायको आत मरून पडलेली आणि आबांच्या मनात नको ते आलं. आलं खरं. माणसाचं मन म्हणजे काही देवघर नव्हे. आबांनी मान वर करून एकेकाचा चेहरा पाहिला आणि प्रत्येकाच्या मनात तेच आलेलं त्यांना दिसलं.

भावा-बहिणीत वितुष्ट कोणामुळे आलं हे मात्र आबांना विचारायची गरज नव्हती. सासरा वारला तेव्हा चुडामण हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. सुंदरबाई सही करायला निघालीच होती. बहिणी करतातच, भाऊ राहावा म्हणून जमीन सोडतात. आबांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. कायद्यानं वाटा आहे, सोडायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं काही खोटं नव्हतं. पण त्या एरंडोलच्या कोरडवाहू रानापायी तिचं माहेर बुडालं आणि खटला अजून चालूच होता. पहिली दोन-तीन वर्षं आखाजीला ती मागच्या दारी बसून पापड लाटायची, बोलायची नाही. पुढे एका वर्षी तिनं, भाऊ बोलावतो आहे म्हणून सांगितलं आणि गेली. तेव्हा आबा फुशारून म्हणाले होते, बघ, वाटा मागितला म्हणून माहेर तुटत नसतं. ती हो म्हणाली होती.

यातून मार्ग काढला तो झुलालनं. झुलाल आबांचा चुलतभाऊ, मयतीपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे पुढे. चोपड्याहून दुकानातलं एक लुगडं आणतो, एरंडोलहून आलं म्हणायचं, एवढं आबांच्या कानात सांगून तो मोटारसायकल घेऊन गेलाही. आबांनी नको म्हटलं नाही.

झुलाल गेल्यावर थोड्या वेळानं भुरा आला.

भुरा जमातीनं पावरा, आदिवासी. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. वीसेक वर्षं केळी कापायला आबांच्या बागेत यायचा. घड वाहून वाहून त्याच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. आता तो त्याच खांद्यावर कापडी गाठोडं टाकून अंगणात उभा होता, मागे त्याची बायको मोतीबाई, डोक्यावरून पदर ओढून. बागेतल्या कोणीतरी फोन केला असणार. मजूर माणूस दु:खाला आला, चांगली गोष्ट. लोकांनी त्याला गोठ्याकडची सावली दाखवली. तो तिकडे गेला नाही. ओट्याच्या पायरीपाशी आला, गाठोडं सोडलं आणि आतलं लुगडं दोन्ही हातांवर घेतलं. पोपटी रंगाचं, गुलाबी काठाचं, आठवडे बाजारात दोरीवर टांगलेलं असतं तसलं.

"दाजी," तो आबांना म्हणाला, "बहीननं लुगडं लई उनू. आखाजीना करता लई ठेवेल व्हतं."

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. वीस वर्षांत भुरानं आबांना पाटील सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. ओट्यावर कोणीतरी हसू दाबलं. एक जण म्हणाला, ए मामा, डोकं ठिकाणावर आहे ना?

आता हे मामाचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर त्या दुपारी काय झालं ते कळायचं नाही. त्या भागात डोंगरातून उतरलेल्या प्रत्येक आदिवासी माणसाला मामा म्हणतात. कंडक्टर म्हणतो, मामा, मागे सरक. किराणावाला म्हणतो, मामा, सुट्टे दे. पोलीस तर मामा म्हणून कानाखाली देतो. नाव विचारायचा त्रास वाचतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण प्रेमराज लहान होता तेव्हा भुरा त्याला खांद्यावर बसवून बागेत फिरवायचा आणि पोर त्याला भुरामामा म्हणायचं. बाकीच्यांच्या तोंडी तो शब्द म्हणजे फेकलेला खडा होता. पोराच्या तोंडी तो तसा नव्हता, आणि भुरानं तो पोराकडून घेतला.

भुरा चिडला नाही. त्यानं ओट्यावरच्या माणसांकडे सावकाश पाहिलं, शेवटी प्रेमराजकडे पाहिलं.

"तुमीन बठ्ठा माले मामा म्हंतस," तो म्हणाला. "मंग मी तिना कोन?"

मोतीबाईनं तोंड उघडलं ते तेवढ्यातच. खाली मान घालून, अर्धं तिच्या बोलीत आणि अर्धं इथल्या, तिनं सांगितलं की आखाजीला ती आमच्याकडे यायची. दरवर्षी. भुरा एसटीच्या थांब्यावर घ्यायला जायचा. एवढं बोलून ती गप्प झाली, पण तेवढ्यानं सगळं उघड झालं.

सारिका दारातून बाहेर आली. सुनेनं पुरुषांच्या बैठकीत यायचं नसतं, पण ती आली, आबांच्या जवळ खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, हे खरं आहे. आईंनी मला सांगितलं होतं. त्यांच्या आखाजीच्या साड्या सगळ्या तिकडच्याच. ही वर पडली तर त्यांना बरं वाटेल."

आबांच्या मनातलं ते घाणेरडं क्षणात धुऊन गेलं. हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना आतून चीड आली. बायको चोरून गेली ती कुठे, तर मजुराच्या झोपडीत, बहीण व्हायला. तिच्या हातातून पेन काढून घेतलं तो दिवस त्यांना स्वच्छ दिसला. उठावं, ते लुगडं हातात घ्यावं, एवढंच करायचं होतं. चार पावलंही नव्हती. त्यांनी पाय खाली सोडलेही होते.

तेवढ्यात झुलालची मोटारसायकल अंगणात शिरली. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत हिरवं जरीकाठी लुगडं, दुकानाचं लेबल तसंच. त्यानं अंगणातला प्रकार एका नजरेत ओळखला आणि मोठ्यानं म्हणाला, एरंडोलचा माणूस फाट्यावर भेटला, लुगडं देऊन गेला, घाईत होता. सगळ्यांना माहीत होतं की हे खोटं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या.

आतून बेबाबाई आली. गावातल्या बायांना शेवटचं न्हाऊ घालणारी, नेसवणारी म्हातारी तीच. दारात उभी राहून तिनं रीतीप्रमाणे विचारलं, माहेरचं कोण आलं? आणि रीतीप्रमाणे उत्तर घरधन्यानं द्यायचं होतं.

आबांनी भुराकडे पाहिलं. भुरा लुगडं तसंच हातांवर धरून उभा होता, केळीचा कोवळा घड धरावा तसं, कुठे डाग पडू नये म्हणून जपून. ओट्यावर सगळं भाऊबंद बसलेलं. उद्या तालुक्यात सांगतील: अभिमन पाटलाचा मेव्हणा पावरा. प्रेमराजच्या पोरीबाळींच्या सोयरिकीत निघेल. आबांच्या डोक्यात हे सगळं यायला किती वेळ लागला असेल? तोंडातून शब्द जायला तर त्याहूनही कमी लागला.

"झुलालजोडे शे ते चुडामणनं," ते म्हणाले. "हाऊ मना मजूर शे. बाहेर बसाडा त्याले."

गेलेला शब्द मागे न घेणारा माणूस.

बेबाबाईनं पिशवीतलं लुगडं घेतलं, दातानं लेबल तोडलं आणि आत गेली. सारिका उठली आणि आबांकडे न बघता तिच्यामागून गेली. प्रेमराज फोनमध्ये डोकं घालून बसला. त्याचा अंगठा हलत नव्हता. भुरानं लुगड्याची घडी केली. घाई केली नाही, काठाला काठ लावून नीट केली, गाठोड्यात बांधली, आणि दोघं नवरा-बायको फाटकाबाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली. तिरडी निघाली तेव्हा भुरा मागे मागे चालत नदीपर्यंत आला. खांद्यापाशी त्याला कोणी येऊ दिलं नाही. त्या गावात त्याच्याइतका ओझ्याला सरावलेला खांदा दुसरा नव्हता.

दहावं झालं, तेरावं झालं. मधे आखाजी येऊन गेली. सुतक होतं म्हणून घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. सारिका आबांना वेळेवर जेवायला वाढायची आणि कामापुरतं बोलायची. प्रेमराज जळगावला परत गेला. एके दिवशी धान्याच्या कोठीमागे आबांना सुंदरबाईची पिशवी सापडली. आखाजीची तयारी तिनं आधीच करून ठेवली होती: कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, लाल काकणांचा जुडगा, आणि घडी न मोडलेलं एक उपरणं. पिशवी उघडून ते तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्या दिवशी मात्र ते रडले. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून जमलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन ते एसटीत बसले. कुठे उतरायचं ते सारिकानं सांगितलं. तेवढं बोलताना तिचा आवाज जरा मऊ झाला. थांब्यापासून पुढे पायवाट होती. सागाला पान नव्हतं, दगड तापलेले. सुंदरबाईचे गुडघे दुखायचे. ती दरवर्षी हा चढ चढत होती आणि घरी येऊन, एसटीत बसून बसून पाय धरले, म्हणून सांगत होती. वाटेत आबा एक वाक्य मनात घोळवत होते: भुरा, चुकलं माझं. साधं वाक्य. पण त्यांनी जन्मात ते कोणाला म्हटलं नव्हतं, आणि न वापरलेल्या हत्यारासारखं ते हातात नीट बसेना.

पाड्यावर मोतीबाई मोहाच्या टोळंब्या फोडून बिया काढत बसली होती. आबांच्या हातातली पिशवी तिनं ओळखली. तिनं ती घेतली, उघडली नाही, छातीशी धरून आत गेली, आणि आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. कुडाच्या दारातून एक तरणी पोर डोकावली. ती भुराची मुलगी. भुरानं खाट टाकली, त्यावर गोधडी अंथरली, पाणी दिलं. खाटेसमोरच आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या फांदीवर दोराच्या घासणीचा खोल, गुळगुळीत झालेला डाग होता. दोर सोडलेला होता.

मोतीबाई डोळे पुसून बाहेर आली आणि आबांनी न विचारता सांगायला लागली. अक्का इथे आली की झोक्यावर बसायची, पोरींना तिकडची गाणी शिकवायची. आणि झोपायची. ऊन कुडातून तोंडावर आलं तरी उठायची नाही. आम्ही उठवायचो नाही. आबा ऐकत राहिले. त्यांच्या घरात सुंदरबाई दिवस उजाडल्यावर अंथरुणात दिसल्याचं त्यांना एकदाही आठवेना, आजारपणातसुद्धा. शेवटच्या सकाळीही तिनं आधी चूल पेटवली होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी भुराला विचारलं, ते लुगडं आहे का. असेल तर मला दे. नदीवर जिथे तिला अग्नी दिला तिथे मी ते स्वतः सोडून येतो.

"जाळी टाकं," भुरा म्हणाला. "त्याच दिन. तुमीन बठ्ठा घर गयात, मंग आम्ही नदीवर गयूत. मढाना करता लयेल लुगडं घर कशे लई जातूत?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. आबा राग शोधत होते. राग असता तर त्याच्यावर काही बोलता आलं असतं. ते घोळवत आणलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यांना वाटलं, यानं आधी एकदा दाजी म्हणावं. त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला तसं, फक्त एकदा म्हणावं, म्हणजे मला बोलता येईल. ते वाट बघत बसले. भुराच्या मुलीनं ताटलीत मक्याची भाकर आणि मिरचीची चटणी आणून ठेवली. त्यांनी खाल्ली. उन्हं उतरायला लागली.

शेवटी ते उठले. भुराही उठला, आणि मालक निघाला की मजूर चालतो तसा दोन पावलं मागे राहून पायवाटेपर्यंत आला.

"बागमा घड कापाले उना व्हतीन," तो म्हणाला. "कामले कव्हय येऊ, पाटील?"

आबा पायवाटेवर थांबले. खाली दूर त्यांच्या गावाकडची केळी हिरवीगार दिसत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सोम्मारले ये," ते म्हणाले.